खुशाल आहे म्हणू नका

दवाखान्यात पेशंटांशी बोलायला एक बाई असतात. त्या मला म्हणाल्या, मावशी, तुमचा अनुभव लिहून द्या, नव्या बायांना आधार होईल. वर म्हणाल्या, जरा उमेद वाटेल असं लिहा. मी त्यांना तिथेच सांगितलं की उमेदीचं लिहिणारी दुसरी कोणी बघा. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करते.

मी चौथी शिकले आहे. वाचता येतं, लिहिताही येतं, चुका होतात. चुका सुनेने काढल्या, मजकुराला तिला हात लावू दिला नाही. ज्या बाईचा रिपोर्ट नुकताच आला आहे आणि जिच्या घरची माणसं तिच्याशी एकाएकी गोड बोलायला लागली आहेत, तिच्यासाठी हे लिहिते. बाकीच्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

गाठ

आम्ही येडगावचे. धरणाच्या पाण्याजवळ शेत आहे, ऊस असतो, टोमॅटो असतो. आंघोळ करताना छातीला डाव्या बाजूला हाताला काहीतरी लागलं, हरभऱ्याएवढं. दुखत नव्हतं. टोमॅटोचा तोडा चालू होता, बाया मिळत नव्हत्या. तोडा संपला तोवर ते सुपारीएवढं झालं. बायांनो, दुखणाऱ्या गाठीपेक्षा न दुखणाऱ्या गाठीला जास्त घाबरा. औषधपाण्याचं मला एवढंच सांगता येतं, बाकीचं डॉक्टरांना विचारा.

जुन्नरच्या डॉक्टरने तपासलं आणि पुण्याला जा म्हणून चिठ्ठी दिली. पुण्यात सुई घालून तपासणी झाली. निकालाच्या दिवशी आम्ही तिघे गेलो, मी, मुलगा दीपक आणि हवालदार. हवालदार म्हणजे माझे यजमान. फौजेतून हवालदार म्हणून सुटले, गाव त्यांना त्याच नावाने ओळखतं. नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही, म्हणून मीही हवालदारच म्हणते.

नंबर आला तेव्हा आतल्या माणसाने पेशंटला बाहेर बसवा म्हणून सांगितलं. गाठ माझी, सुई मला टोचली, आणि निकाल ऐकायला हे दोघं आत. मी बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर मोठी पाटी होती, वर इंग्रजीत आणि खाली मराठीत. कर्करोग विभाग. आमच्या मास्तरांनी छडीने मारून मारून जोडाक्षरं शिकवली होती. मला ती पाटी पहिल्या फटक्यात वाचता आली.

दोघं बाहेर आले. दीपक माझ्याकडे न बघता पाण्याच्या नळाकडे गेला. हवालदारांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "काय न्हाई. साधी गाठ हाय. काढून टाकत्यात. तू खुशाल ऱ्हा."

त्या एका शब्दाने माझं डोकं फिरलं. आजाराने नंतर फिरलं, आधी त्या शब्दाने.

लंकेची पत्रं

लग्नानंतर थोड्या वर्षांनी हवालदारांची पलटण श्रीलंकेत गेली. तिथली माणसं आपसांत लढत होती, आणि ते मिटवायला आपली फौज पाठवली होती. आम्हाला कळलं ते इतकंच. रेडिओवर बातम्या लागायच्या. कोणी म्हणे मिटलं, कोणी म्हणे आता तर आपल्याच लोकांवर उलटलं.

पत्रं यायची. मागे जो पत्ता लिहिलेला असे त्यात गावाचं नाव नसे, नुसते आकडे. पत्र सासऱ्यांच्या नावाने. घरात वाचता येणारी मी एकटी. पत्र आलं की सासरे ओट्यावर बसायचे, सासू चुलीपुढून उठून यायची, शेजारच्या दोघीतिघी यायच्या, आणि मी उंबऱ्याशी उभी राहून मोठ्याने वाचायचे. तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल असून आपली खुशाली कळवावी. इकडे नारळाची झाडं फार आहेत. म्हैस व्याली का. घरातील सर्वांना नमस्कार. त्या सर्वांमध्ये माझ्या वाट्याला काय यायचं ते यायचं.

एका पत्रात लिहिलं होतं, संध्याकाळी आम्ही व्हॉलीबॉल खेळतो, काल माझा संघ जिंकला. सासूला ते इतकं आवडलं की तिने मला पुन्हा वाचायला लावलं. व्हॉलीबॉल म्हणजे काय ते मी हात वर करून दाखवलं. मग तिने ते आळीभर सांगितलं.

त्यानंतर राजुरीचा एक जवान घरी आला. त्याच पलटणीतला, रजेवर आलेला. चहा घेता घेता त्याने सासऱ्यांना विचारलं, "दादा, पायाचं काय कळलं का? प्लास्टर काढलं का?"

रस्त्यात पुरलेला सुरुंग फुटला होता. गाडीतले काही जागेवर गेले. हवालदारांच्या मांडीत लोखंडाचे तुकडे घुसले आणि नडगी मोडली. ते मद्रासला फौजेच्या दवाखान्यात पडून होते. व्हॉलीबॉलचं पत्र तिथल्या खाटेवरून लिहिलेलं होतं.

सासू मुलावर चिडली नाही. ती माझ्यावर चिडली. चार बायांसमोर म्हणाली, "हिला वाचताच येत न्हाई. चौथी शिकल्याली ती, काय वाचनार? मनानंच काढून सांगती." सासऱ्यांनी शाळेच्या मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी चष्मा लावून पत्र वाचलं. संध्याकाळी आम्ही व्हॉलीबॉल खेळतो, काल माझा संघ जिंकला. शब्दाला शब्द तोच निघाला. मास्तर चहा पिऊन गेले. मला कोणी काही म्हणालं नाही. चुकलं आमचं, असंही नाही. पण तिथून पुढे पत्र आलं की ते मास्तरांकडे जाऊ लागलं.

खोटं त्यांचं होतं आणि तोंड माझं. लंगडत घरी आले तेव्हा मी विचारलं, पायाला काय झालं? म्हणाले, मुरगळला. त्यांच्या मांडीत कातडीखाली अजून एक लोखंडाचा खडा आहे, दाबला की सरकतो. मुरगळलेल्या पायात लोखंड नसतं हे चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. पण तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि मी विचारायचं सोडून दिलं. सोडलं म्हणजे विसरले नाही.

सगळे गोड

पुण्याहून आल्यावर घर बिघडलं. माझी सून सुषमा आणि मी रोज चहाच्या साखरेवरून भांडतो. ती एकदम भांडायची थांबली. मी म्हटलं चहा फिका आहे, तर म्हणाली, हो आई, दुसरा करते. तेव्हा मला पाटी वाचून वाटली नव्हती इतकी भीती वाटली.

दीपक चाकणला कंपनीत आहे. तो एरवी रविवारी येतो आणि झोपतो. आता मधल्या वारीही यायला लागला, माझ्या पायाशी बसायला लागला. हवालदार सकाळी गोठ्यात जायच्या आधी विचारायचे, झोप लागली का? लग्नापासून कधी विचारलं नव्हतं.

मग भेटायला येणारे. कोणी शहाळी आणली, कोणी बिस्किटचे पुडे. आल्या आल्या आधी सुषमाकडे स्वयंपाकघरात जायचे, तिथे कुजबुज व्हायची, मग तोंड सारखं करून माझ्याकडे यायचे. शेजारची ठकूबाई म्हणाली, "काय न्हाई वो आक्का, साधी गाठ. आमच्या नणंदंला पन साधीच व्हती."

मी विचारलं, "मग आता बरी हाय का?"

"गेली की ती."

त्या दिवसांत खरं बोललेली ही एकच बाई. तिला मी चहा पाजला.

मला माहीत आहे हे मी कोणाला सांगितलं नाही. घाबरून नव्हे. हवालदार अजून किती पत्रं लिहितात ते मला बघायचं होतं.

सही

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला भरती केलं. वॉर्डात दोन्हीकडे खाटा. दुपारी सिस्टर कागद घेऊन आली. म्हणाली, आजी, इथे सही करा, येत नसेल तर अंगठा.

मी म्हटलं, "अंगठा कुनाला सांगती? काय लिवलंय ते वाच आधी."

तिने दीपककडे बघितलं. दीपक म्हणाला, "आई, कर ना सही. गाठ काढनार हायेत, एवढंच."

"कसली गाठ?"

"साधी."

मी पेनला टोपण लावलं आणि पेन उशीखाली ठेवलं.

मग डॉक्टरीण आली. वयाने लहान होती, पण आवाज करारी. तिने आधी दीपक आणि हवालदार दोघांना झापलं, पेशंटला न सांगता मी हात लावणार नाही म्हणाली. मला म्हणाली, मावशी, मी सांगते सगळं. मी म्हटलं, तुम्ही सांगू नका. सांगण्याचा तुम्हाला पगार आहे. घरातल्या ज्या माणसाला माहीत आहे त्याने माझ्या तोंडावर सांगावं, मग सही करते. नाहीतर पुढच्या बाईला घ्या.

तिने मला समजावलं की उद्याची वेळ गेली तर पुढची लवकर मिळणार नाही, आणि ही गाठ थांबत नसते. मी म्हटलं, मग यांना घाई करायला सांगा.

लोक म्हणतील बाई हट्टी. जिवावर बेतलं आणि ही मान मागते. मान मागत नव्हते. दुसऱ्याने लिहिलेलं खोटं मी एकदा मोठ्याने वाचलं होतं. आता स्वतःच्या अंगावर तेच करून घ्यायचं नव्हतं.

दीपक रडायला लागला. हवालदार निघून गेले. खिडकीतून खाली चहाची टपरी दिसत होती. तिथे ते कप हातात धरून उभे होते, पीत नव्हते. मी बघत राहिले. हा माणूस आता परत येतो का नाही हे मलाही सांगता आलं नसतं.

ते आले. दीपकला बाहेर पाठवलं. खाटेशेजारी उभे राहिले, हात पँटच्या शिवणीला लावून. मी म्हटलं, "बसा. हजेरी न्हाई ही."

स्टुलावर बसले, मोडका पाय लांब केला. आणि माझ्या आजाराचं सोडून मद्रासचं बोलायला लागले.

तिथे वॉर्डात अशाच दोन्हीकडे खाटा होत्या, म्हणाले. कोणाला हात नाही, कोणाच्या डोळ्यांवर पट्टी. यांचे दोन्ही हात शाबूत आणि अक्षर बरं, म्हणून बाकीच्यांची पत्रं हेच लिहायचे. ज्याचा हात गेलाय तो सांगायचा, लिही, खुशाल आहे. ज्याचे डोळे गेलेत तो सांगायचा, लिही, इकडचा मुलूख बघण्यासारखा आहे. कोणी कोणाला हसत नव्हतं. व्हॉलीबॉलचं यांच्या मनाचं नव्हतं. ते पलीकडच्या खाटेवरच्याने सांगितलं होतं, त्याच्या घरी लिहायला. यांना बरं वाटलं, म्हणून आमच्याही पत्रात घातलं.

शेजारच्या खाटेवर सांगलीकडचा एक जण होता. पोटाला बांधलेलं. तो आईला सांगत होता, मी खुशाल आहे, रजा मिळाली की येतो, भाकरी तुझ्या हातची पाहिजे. यांनी लिहून घेतलं. पत्ता तेवढा राहिला. सकाळी बघतात तर खाट रिकामी, चादर बदललेली. पत्र यांच्या उशाला.

"मग?" मी विचारलं.

"पत्ता दुसऱ्या एकाला म्हाईत व्हता. लिवला. टाकलं पत्र."

"त्याच्या घरी तार गेली आसंल ना?"

"गेली आसंल. तार आधी पोचती."

मी हिशेब लावला. आधी तार, पोरगा गेला. मग काही दिवसांनी पत्र, पोरगा खुशाल आहे आणि रजेवर येतोय. ती आई तार खोटी म्हणाली असेल. वाट बघत बसली असेल. आणि ते पत्र तिला कोणीतरी वाचून दाखवलं असेल. मी म्हटलं, "सुनंनं न्हाई तर लेकीनं वाचलं आसंल. मोठ्यानं. मग सगळी तिच्यावर उलटली आसतील. तिचं काय झालं आसंल?"

त्यांनी अंगठ्याने मांडीतला खडा दाबला. मग म्हणाले, "एवढी वर्सं त्याच्या आयचा इचार केला. वाचनारीचा न्हाई केला कधी."

"मग आता करा."

तेव्हा ते बोलले. साहेबासमोर रिपोर्ट देतात तसं, समोरच्या भिंतीकडे बघून. "कॅन्सर हाय. काखंत गेलाय. नुसती गाठ न्हाई, डावी छाती सगळी काढनार. वर केमो. डॉक्टरीन म्हनती, करून बघू, शब्द देत न्हाई."

काखेचं आणि छातीचं मला माहीत नव्हतं. पाटीवर ते लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, म्हणजे उद्या मी जागी होऊन हाताने चाचपून बघितलं असतं तेव्हा कळलं असतं? ते म्हणाले, शुद्धीवर आल्यावर सांगणारच होतो.

"कधी? तुमचा संघ जिंकल्यावर?"

मी उशीखालून पेन काढलं आणि सही केली. आडनावासकट, पूर्ण. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. मला भीती वाटत होती, ती सही करतानाही वाटत होती. पण कशाची वाटते ते आता मला माहीत होतं.

केमो

ऑपरेशनचं लिहिण्यासारखं काही नाही, झोपवतात आणि उठवतात. उठल्यावर एक बाजू हलकी लागते. बघायला धीर लागतो. मी पट्टी बदलताना पहिल्याच वेळी बघितलं, कारण न बघता मनात जे दिसतं ते जास्त वाईट असतं.

केमोचं मात्र ऐका. खुर्चीत बसवतात, हातात सुई, वरून बाटली. तोंडाला गंजक्या लोखंडाची चव येते. अन्नाचा वास सोसत नाही. मी सुषमावर ताट ढकललं आहे. ती पण शेवटी माझ्यावर ओरडली, मला काही हौस नाही म्हणाली, आणि मला बरं वाटलं, कारण घर जागेवर आलं. चहात साखर पुन्हा तिच्या मनाने पडायला लागली.

उपयोगी पडलं ते सांगते. माझं माहेर आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरात, तिथे भात आणि नाचणी होते. भावजय एसटीने नाचणीचं पीठ घेऊन आली आणि पातळ आंबील करून गेली. ती एक पोटात राहायची. भावजय बसली नाही, रडली नाही, पीठ ठेवून परतीच्या गाडीला गेली. भेटायला जाणाऱ्यांनी असं जावं. दुसरी, केमोच्या वॉर्डातली मावशी. उलटीचं भांडं पुढे करताना ती तोंड फिरवायची नाही आणि काही बोलायचीही नाही. शेजारच्या खुर्चीतली एक बाई होती, ती बाटलीला शिव्या द्यायची. तिच्यासोबत मीही दिल्या. वेळ जातो.

केस गेले. आळीतल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, नवरा जिता असताना डोकं बोडकं, बरं दिसत नाही, घरात तरी पदर घे. मी म्हटलं, "त्यास्नी इचारा चालतंय का. त्यांचं बी टकलंच हाय." पदर मी घेतला नाही, उन्हाळा होता.

हवालदार प्रत्येक वेळी बरोबर आले. नारायणगावहून गाडी, पाय दुमडून बसवत नाही तरी आले. मिळेल तो कागद मला वाचून दाखवायचे, न कळणारे शब्दही अडखळत वाचायचे, गाळायचे नाहीत. फोनवर कोणी माझी चौकशी केली की तोंडातून सवयीने खुशाल निघायचं. मग माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "म्हंजे तशी खुशाल न्हाई. उलट्या व्हत्यात." नव्या बाईच्या घरच्यांनी इतकं केलं तरी पुष्कळ आहे.

म्हणून मी त्यांना माफ केलं असं कोणी समजू नये. ते आधी सांगलीकडे ते पत्र वाचून दाखवणाऱ्या बाईने करावं, आणि ती कुठे आहे ते त्यांनाही माहीत नाही.

परवा

परवा तपासणीला गेलो. केस परत आले आहेत, आखूड आणि पांढरे. नंबर आल्यावर मी हवालदारांना म्हटलं, तुम्ही बाहेर बसा. ते त्याच बाकावर बसले, त्याच पाटीसमोर, पाय बाकावर लांब करून. गार हवेत तो दुखतो.

आत डॉक्टरणीने उजव्या बाजूला हात लावला, पुन्हा लावला. फोटो उजेडावर धरला. म्हणाली, मावशी, इथे एक दाणा दिसतोय. असेल काही, नसेल काही, सुई घालून बघावं लागेल. मी वेळ विचारून घेतली आणि उठले.

दार उघडलं. हवालदारांनी वर बघितलं. या वर्षात ते फार म्हातारे झाले आहेत, ते मला बाहेरून आत येताना दिसलं नव्हतं, आतून बाहेर येताना दिसलं.

"काय म्हनल्या?"

तो शब्द माझ्या जिभेवर तयार होता. कोणी शिकवलेला नव्हता, आपोआप आला. त्यांची भाकरी तरी नीट जाईल, सुई झाल्यावर सांगू, कदाचित काही निघणारही नाही, एवढं सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. मद्रासच्या त्या खाटांवरच्या माणसांना किती सोपं गेलं असेल ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. कळलं म्हणून पटलं नाही.

मी म्हटलं, "उजवीकडं दाना हाय. सुई घालनार हायेत. डॉक्टरीन नक्की काय सांगत न्हाई, मला भ्या वाटतंय."

त्यांनी दोन्ही हातांनी आपला पाय उचलला, खाली ठेवला, आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली. मी बसले.